दोघंही पहिले

गेल्या रविवारी दुपारी आमच्या निगडीच्या घरात भांडण पेटलं. माझा भाचा हॉलमध्ये टीव्हीपुढे मांडी ठोकून बसला होता आणि त्याचा चुलतभाऊ तिकडे स्टुटगार्टला, त्याच्या खोलीत. काकांची चाकणहून तिकडे बदली झाल्यापासून या दोघांची भेट म्हणजे रविवारची मोटारींची ऑनलाइन शर्यत. शेवटचं वळण संपलं आणि दोघं एकाच वेळी ओरडले, "मी पहिला!"

फोन स्पीकरवर होता. "खोटं नको बोलूस, तू मागे होतास. मला दिसत होतास."

"अरे, मलापण तू मागेच दिसत होतास!"

मग माझ्याकडे खटला आला. "मामा, तू सांग ना." मी सांगितलं की दोघंही खरं बोलताय. हा निकाल दोघांनाही आवडला नाही, म्हणून चहा होईपर्यंत त्यांना जे समजावलं तेच इथे जरा सावकाश लिहितो. मी भोसरीच्या एमआयडीसीत जिग-फिक्स्चरची डिझाइनं करतो. एखादी वस्तू चालते कशी, हे उलगडून सांगायचं म्हटलं की मला भान राहत नाही, ही घरच्यांची जुनी तक्रार आहे.

समजावायला मी मुद्दाम एक जुनी जोडी घेतली. सेगा कंपनीचा 'आउटरन' १९८६ साली आला. यू सुझुकी हा त्याचा कर्ता. तेव्हा तो नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रावर होता. त्यात खरी त्रिमिती नव्हतीच. झाडाचं एक सपाट चित्र लांब असताना लहान काढायचं, जवळ येईल तसं मोठं करत न्यायचं, आणि रस्ता आडव्या पट्ट्यांनी रंगवायचा. डोळे फसायचे. पुढे २००३ मध्ये 'आउटरन २' आला, तो खऱ्या त्रिमितीतला. २००४ मध्ये एक्सबॉक्स या कन्सोलवर तो आणण्याचं काम इंग्लंडमधल्या शेफील्डच्या सुमो डिजिटल या स्टुडिओने केलं. हा स्टुडिओ निघून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. २००६ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली, 'कोस्ट टू कोस्ट'. आणि २००९ मध्ये त्याच खेळाची इंटरनेटवर खेळायची, डिस्कशिवाय थेट उतरवून घ्यायची धाकटी पाती आली, 'आउटरन ऑनलाइन आर्केड'. सहा जणांनी सहा घरांतून एकाच रस्त्यावर गाडी पळवायची. याच सुमोने २००७ मध्ये आपली भारतातली शाखा पुण्यात काढली. म्हणजे जर्मन मोटारी चाकणला बनत असताना पडद्यावरच्या मोटारी करणाऱ्या लोकांचं ऑफिसही इथून फार लांब नव्हतं. आपल्याकडे कौतुक फक्त पत्र्याच्या गाड्यांचं होतं, एवढंच.

आधी एकट्याने खेळायचा खेळ बघू. कन्सोल सेकंदाला ६० वेळा तेच ते काम करत असतो. हातातल्या कंट्रोलरवर कुठलं बटण दाबलंय, स्टिक किती वळवलीय ते बघायचं. त्यावरून गाडी आता कुठे असेल ते काढायचं. तिथून दिसणारं चित्र रंगवून पडद्यावर टाकायचं. एका फेरीला मिळतात साधारण १६.७ मिलिसेकंद. गाडी ताशी २०० किलोमीटरने धावत असेल तर सेकंदाला साडेपंचावन्न मीटर, म्हणजे दोन चित्रांच्या मधे ती ९३ सेंटिमीटर पुढे सरकते. पडद्यावर गाडी वाहत्या पाण्यासारखी जाताना दिसते, पण आत ती दोन-दोन हात उड्या मारत असते.

यातलं मधलं काम, गाडी कुठे असेल ते काढण्याचं, ते खरं रंजक. चांगल्या टायरची कोरड्या डांबरावरची पकड ढोबळमानाने गाडीच्या वजनाइतकी धरतात. तेवढ्या पकडीत ताशी १०० ने वळायचं तर वळणाची त्रिज्या ऐंशी मीटरच्या आसपास हवी. वेग दुप्पट केला की त्रिज्या चौपट लागते, म्हणजे ताशी २०० ला सुमारे ३२० मीटर. आता 'आउटरन २' खेळताना वळणं बघा. ताशी २०० च्या वर काटा असताना गाडी अशा वळणात घुसते, जिथे खऱ्या रस्त्यावर ती सरळ शेतात गेली असती. इथे काय होतं, तर अॅक्सिलरेटर क्षणभर सोडायचा, ब्रेकला नुसता स्पर्श करायचा आणि स्टिअरिंग वळवायचं. खेळ लगेच गाडीला 'ड्रिफ्ट' नावाच्या वेगळ्या अवस्थेत टाकतो. मागची चाकं बाहेर फेकल्यासारखी दिसतात, टायर किंचाळतात, धूर निघतो, पण गाडी जणू रुळावरून वळणाच्या कडेकडेने जाते. टायरचं गणित तिथे चक्क बाजूला ठेवलेलं असतं. मला ही लबाडी फार आवडते. याच्या उलट वाटेने जाणारे 'ग्रान तुरिस्मो'सारखे खेळ प्रत्येक चाकावर किती भार आला, टायर किती घसरला ते मोजत बसतात. ते थोरच आहेत. पण आठ तास शिफ्ट करून आलेल्या माणसाने घरी येऊन पुन्हा भार मोजावा, अशी माझी तरी इच्छा नसते.

'आउटरन'च्या रस्त्याची रचनाही मोठी चलाखीची. एकूण १५ टप्पे, एका खेपेत पार करायचे पाचच. शेवटचा सोडून प्रत्येक टप्प्याच्या शेवटी रस्ता फुटतो, डावीकडे सोपा, उजवीकडे अवघड. चार फाटे, प्रत्येकाला दोन पर्याय, म्हणजे सोळा वाटा. पंधराच तुकडे रचून सोळा प्रवास विकले. आमच्या मालकांना हे दाखवलं तर ते उद्याच फिक्स्चरला लावतील.

इथपर्यंत सगळं एका डब्यात चालतं. बटण, गणित आणि चित्र एकाच घरात. खरी पंचाईत दुसरा डबा आला की सुरू होते. मोठमोठ्यांची तिथे दमछाक झाली आहे. 'ग्रान तुरिस्मो ४' ऑनलाइन खेळता येईल असं आधी जाहीर झालं होतं, पण २००४ च्या डिसेंबरात जपानमध्ये खेळ आला तो ऑनलाइनशिवाय. ती सोय २००६ मध्ये जपानात, चाचणी म्हणून काही महिने चालली.

पंचाईत अशी. इथून स्टुटगार्ट साडेसहा हजार किलोमीटरच्या वर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सरळ तार टाकली तरी एका बाजूने ३३ मिलिसेकंद तरी लागणारच. पण तार सरळ कुठे असते? ती समुद्राखालून वळसे घेत जाते आणि वाटेत दहा ठिकाणी निरोप एका यंत्राकडून दुसऱ्याकडे दिला जातो. आमच्या पडद्यावर 'पिंग' १४० दाखवत होतं. पिंग म्हणजे जाऊन परत यायचा वेळ. एका बाजूचा त्याच्या निम्मा, ७० मिलिसेकंद. ताशी २०० ने धावणारी गाडी तेवढ्यात ३.९ मीटर जाते. आपल्याकडे कर वाचावा म्हणून छोट्या गाड्या चार मीटरच्या आत बसवतात, तर हा फरक अशा एका अख्ख्या गाडीइतका झाला. स्टुटगार्टच्या गाडीची बातमी भाच्यापर्यंत पोचते तेव्हा ती बातमी एक गाडीभर शिळी असते. उलट दिशेलाही तेच. दोघांना दुसरा मागे दिसला, यात नवल ते काय?

इथे भाच्याने हरकत घेतली. "पण आपला प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे."

हा गैरसमज घरोघरी आहे म्हणून थोडं थांबतो. शर्यतीत एक कन्सोल दुसऱ्याला व्हिडिओ पाठवत नाही. गाडी, झाडं, डोंगर, समुद्र सगळं प्रत्येकाच्या डब्यात आधीपासून असतं. पाठवायचं ते फक्त गाडी कुठे आहे, तोंड कुठल्या दिशेला, वेग किती, स्टिअरिंग किती वळलंय, ब्रेक दाबलाय का. मूठभर आकडे. शंभर बाइटची एक चिठ्ठी धरा, सेकंदाला वीस चिठ्ठ्या, समोर पाच गडी, तर सगळं मिळून सेकंदाला १० किलोबाइट. मोबाइलवरचं एक गाणं बहुधा याहून जास्त खातं. प्लॅन मोठा घेणं म्हणजे रस्त्याच्या लेन वाढवणं. लेन कितीही वाढवा, चाकण आहे तिथेच राहतं.

या चिठ्ठ्या पाठवायची पद्धतही बघण्यासारखी आहे. बँकेचं काम असेल तर इंटरनेट रजिस्टर पोस्टासारखं वागतं, पोच आली नाही तर पुन्हा पाठवतं आणि पत्रं क्रमाने लावून देतं. शर्यतीला ते परवडत नाही. पाव सेकंदापूर्वी गाडी कुठे होती ही हरवलेली चिठ्ठी शोधून आणून काय करायचं? तोवर पाच नव्या आलेल्या असतात. म्हणून खेळ साधी पोस्टकार्डं टाकत सुटतो. पोचलं तर पोचलं.

मग दोन चिठ्ठ्यांच्या मधे पडद्यावर काय दाखवायचं? चित्र सेकंदाला ६० वेळा काढायचंय, चिठ्ठ्या येतात वीस, त्याही शिळ्या. इथे जे होतं ते आमच्या सोसायटीत रोज संध्याकाळी घडतं. चाकणहून फर्स्ट शिफ्टची बस सुटली की घरी फोन येतो, "मोशीला आहे." फोन ठेवल्यावरही बस मोशीलाच उभी आहे असं कुणी धरत नाही. आता स्पाइन रोडला लागली असेल, आता त्रिवेणीनगर, आता भक्ती-शक्तीला वळली असेल, असा हिशेब डोक्यात चालू राहतो आणि बरोब्बर वेळेला चहाचं आधण चढतं. कन्सोल हेच करतो. शेवटची जागा घ्यायची, वेग आणि दिशा माहीत आहेच, चिठ्ठी किती जुनी तेही माहीत आहे, तेवढं अंतर पुढे सरकवून गाडी रंगवायची. जहाजावरचे लोक किनारा दिसेनासा झाला की असंच आपलं ठिकाण काढत. हे अंदाजपंचे दाहोदरसे नव्हे, हिशेबी अनुमान आहे, आणि सरळ रस्त्यावर ते जवळजवळ तंतोतंत लागतं.

चुकतं ते वळणावर आणि ब्रेकला. बस मोशीहून निघाली, पण स्पाइन रोडवर पंक्चर झाली, तर घरी आधण उकळत राहणार. तसंच समोरच्याने ब्रेक दाबला ही बातमी यायला ७० मिलिसेकंद लागतात, तोवर आपला कन्सोल त्याची गाडी भरधाव पुढे नेत असतो. मग खरी चिठ्ठी येते आणि कळतं की गाडी धरल्यापेक्षा मागे आहे. तिला एकदम मागे खेचली तर ती भुतासारखी गायब होऊन दुसरीकडे उगवेल. म्हणून खेळ ती चूक पुढच्या दहा-बारा चित्रांत वाटून देतो, हळूच सरकवतो. चूक मोठी असली की वाटून देऊनही लपत नाही. गाडी रबराला बांधल्यासारखी मागे-पुढे होते आणि मुलं ओरडतात, "लॅग मारतोय!"

लॅगचं आमच्या घरातलं कारण मात्र समुद्राखाली नव्हतं. राउटर ठेवला होता स्वयंपाकघरात फ्रिजवर, मधे दोन भिंती. उशीर सारखा ७० मिलिसेकंद असता तर कन्सोलने तेवढं धरून हिशेब केला असता. पण वायफायवर एक चिठ्ठी ७० ला, पुढची १२०ला, मग तीन एकदम. कायम दहा मिनिटं उशिरा येणाऱ्या बसचं वेळापत्रक बांधता येतं, कधी पाच तर कधी पंचवीस मिनिटांनी येणारीचं नाही. राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची वायर टाकली, तीही बहिणीचा विरोध पत्करून, दाराच्या चौकटीवरून. पिंगचा आकडा होता तिथेच राहिला, पण गाड्या नाचायच्या थांबल्या.

रस्त्यावरच्या इतर वाहनांची मला पूर्वी मोठी शंका होती. 'आउटरन'सारख्या खेळात मधे साधी रहदारीही असते. त्या प्रत्येक ट्रकची चिठ्ठी पाठवायची म्हटली तर पोस्टच कोलमडेल. त्यावरची युक्ती अशी, की शर्यत सुरू होण्याआधी सगळ्या कन्सोलना एकच आकडा द्यायचा, त्याला 'सीड' म्हणतात. त्या बीजातून ठरलेल्या कृतीने रहदारी उगवते, त्यामुळे सगळ्यांच्या घरी ट्रक त्याच सेकंदाला त्याच लेनमध्ये येतो. कुणी कुणाला काही कळवायची गरज नाही. पंचांग एकच असलं की संकष्टी साऱ्या घरांत एकाच दिवशी येते, तसं.

टक्कर हा मात्र न सुटलेला तंटा आहे. माझ्या पडद्यावर मी वाचलो, तुझ्या पडद्यावर मी तुला घासलं. खरं कुणाचं? बहुतेक खेळांत तोडगा असा, की ज्याची गाडी त्याचा कन्सोल तिचा मालक. माझ्या गाडीचं काय झालं हे माझा डबा ठरवणार. म्हणून कधी कधी हवेतच धक्का बसल्यासारखी गाडी उडते आणि कधी गाडीतून गाडी आरपार जाते. यापेक्षा टक्करच बंद ठेवावी या मताचा मी आहे. भाचा नाही. त्याला ठोकायलाच आवडतं.

आता निकाल. आधी दोन घड्याळं जुळवावी लागतात, आणि ती रीत सुरेख आहे. भाच्याचा कन्सोल विचारतो, "किती वाजले?" तेव्हा त्याच्या घड्याळात दहाला शून्य सेकंद आणि शून्य मिलिसेकंद. उत्तर येतं, "दहा वाजून ५ सेकंद ७० मिलिसेकंद." उत्तर हाती पडतं तेव्हा इथे १४० मिलिसेकंद झालेले. जायला-यायला सारखाच वेळ लागला असं धरलं तर तिकडे उत्तर लिहिलं गेलं तेव्हा इथे ७० मिलिसेकंद झाले होते. म्हणजे तिकडचं घड्याळ बरोबर ५ सेकंद पुढे. असं अनेकदा विचारून सगळ्यात कमी वेळात आलेलं उत्तर विश्वासाचं धरतात. घड्याळं जुळली की हिरवा दिवा दोन्ही घरी एका क्षणी लागतो, आणि रेषा ओलांडताना ज्याने त्याने आपापली वेळ नोंदवायची. पडद्यावर कोण पुढे दिसलं त्याला काडीची किंमत नाही.

ही नोंद ठेवणारा कोण, हाही प्रश्न आहे. २००९ च्या सुमारास कन्सोलवरच्या बऱ्याच खेळांत गड्यांपैकीच एकाचा डबा यजमान व्हायचा. त्याचं नेट गेलं की सगळ्यांची शर्यत मोडली. आता बहुधा मधे सर्व्हर असतो. एक्सबॉक्स ज्या कंपनीचा, त्या मायक्रोसॉफ्टचं डेटा सेंटरचं एक क्षेत्र २०१५ पासून पुण्यात आहे. तिथल्या सर्व्हरवर शर्यत लागली तर निगडीच्या मुलाला अंतर जवळपास नसल्यासारखंच, सगळा वळसा स्टुटगार्टकराच्या वाट्याला.

निकालाचा तक्ता आम्ही पुन्हा उघडला. चुलतभाऊ १२ मिलिसेकंदांनी पहिला. त्या वेगाला दोन हातांपेक्षाही कमी अंतर. भाचा हिरमुसला, मग म्हणाला, "तो जुना खेळ लाव, सहा जणांचा. त्यात हरवतो त्याला."

तो लावता येत नाही. 'आउटरन ऑनलाइन आर्केड'मध्ये चालवायच्या सगळ्या गाड्या फेरारीच्या, आणि गाड्यांचं रूप वापरायचा परवाना ठरावीक मुदतीचा होता. मुदत संपल्यावर खेळ ऑनलाइन दुकानांतून काढून टाकला, येऊन फार वर्षं झाली नव्हती तेव्हाच. ज्यांनी आधी विकत घेतला होता त्यांच्याकडे राहिला. पुढे एक्सबॉक्स ३६० चं अख्खं दुकानच २९ जुलै २०२४ ला बंद झालं. भाच्याला हे पटेना. "बंद झाला म्हणजे? जुना कुणाकडून घ्यायचा मग." डिस्क असती तर घेतला असता. डिस्क नव्हतीच.

त्याला खिडकीतून खाली पार्किंगमध्ये आमची इंडिका दिसत होती. पिंपरीतच बनलेली, हे मॉडेल २०१८ मध्ये बंद झालं. गेल्या महिन्यात तिची क्लच प्लेट गेली होती. चिंचवडला दुसऱ्याच दुकानात मिळाली.